गगनबावड्याच्या वाडीवर भाताची गिरण पोचवली, त्या दोन खेपा

गगनबावड्याला जायचं तर पहाटे निघा, असं मी सगळ्यांना सांगतो. मी स्वतः मात्र सकाळी दहाला निघालो होतो, तेही निघायची अजिबात इच्छा नसताना. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. उचगावच्या एका वर्कशॉपात मी जीप चालवायचो, मागे ट्रेलर जोडलेला. त्या आठवड्यात निपाणी, गारगोटी, मिरज अशा तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि पाठीचा पार भुगा झाला होता. चौथ्या दिवशी मालक म्हणाले, "बावड्याच्या पलीकडं पाच मैलांवर वाडी हाय. तिथल्या बायकांनी मिळून भात सडायची गिरण घेतलीया. पोचवून या."

मी म्हटलं, सोमवारी जातो की.

"मिरग तोंडावर आलाय. एकदा पाऊस लागला की दिवाळीपतोर तिथं चाक जात न्हाय. त्या बाया डोक्यावर भात घिऊन बावड्यापतोर चालत जात्यात. आणखी एक पावसाळा चालवायचं काय त्यांला?"

झालं. निघावंच लागलं.

सोबत दस्तगीरमामू होते, आमचे फिटर. पन्नाशीचे, बोलणं कमी, पण गाडीत बसायच्या आधी चारही चाकांना हात लावून बघणार. माल भरताना आमची पहिली जुंपली. गिरण चालवायचं डिझेल इंजिन म्हणजे बिडाचं धूड, ते मी ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला ठेवायला लावलं. उतरवायला सोपं जातं म्हणून. मामू म्हणाले, "पुढं घ्या. चाकाच्या जरा पुढं वजन पायजे." मी म्हटलं, "मामू, गाडी मी चालवतो का तुम्ही?" ते दोर आवळायला लागले. गिरण जीपच्या मागच्या भागात चढवली, पुली आणि पट्टा पायाशी टाकला.

कळे गावापर्यंत रस्ता बरा होता, पण ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागला. उतारावर तर जीपचं मागचं अंग हलकं पडून स्टेअरिंग हातातून निसटतंय असं वाटायचं. शेवटी कळ्यात थांबलो. भर उन्हात तासभर पहारी लावून इंजिन पुढं सरकवलं, चारी बाजूंनी लाकडाचे ठोकळे ठोकले, दोर नव्याने आवळला. मामू एक शब्द बोलले नाहीत, याचाच मला जास्त राग आला. नंतर हॉटेलात भजी आणि दोन-दोन कप चहा झाला. भजी झकास. आजही तिथं तशीच मिळतात का, ते कुणी जाऊन आलात तर कळवा.

बावड्यात पोचलो तेव्हा दुपार कलत होती. हवा गार, पण डोळ्यांत झोप अशी की पापणी उचलायला कष्ट पडत होते. चहाच्या टपरीजवळ सहा बायका सडून आणलेल्या तांदळाची गाठोडी घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक पुढं आली. "आमच्याच वाडीची गिरण न्हवं ही? मी तानूबाई. मंडळाचं समदं मीच बगते." गिरणीला तिनं असा हात लावला, जसा आपण नव्या म्हशीच्या पाठीला लावतो. त्या पाच मैल चालत जाणार होत्या. मी म्हटलं, "बसा की मागं, ट्रेलरात जागा हाय." आपल्याकडं रस्त्यात भेटलेल्या माणसाला गाडीत घेतलं नाही तर लाज वाटते, आणि माल असला तर मालावर बसवायचं. सहाही जणी इंजिनाभोवती चढून बसल्या. मामूंनी नाक मुरडलं, पण तेवढ्यापुरतंच.

डांबर संपलं. तांबडी माती, मध्ये मध्ये खडक, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला घसरण. दोन मैलांवर नाल्यावर एक मोरी आली. दगडावर दगड रचलेली, चुना नाही की सिमेंट नाही. मामू म्हणाले, "थांबा." खाली उतरले, मोरीवर पाय आपटून बघितला, नाल्यात उतरून खालून बघितलं. वर येऊन म्हणाले, "बायांनो, उतरा. गिरण बी हितं उतरवू. दोन खेपा करू."

माझं डोकंच फिरलं. "मामू, दिवस बुडायला आलाय! एवढी जनावरं जात्यात, बैलगाड्या जात्यात!"

"बैलगाडी जाती. हे जाणार न्हाय."

"भित्रे हाय तुम्ही, भित्रे!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. तानूबाईलाही पटलं नव्हतं. "दोन मैल बसून आलो, तवा काय झालं न्हाय," असं पुटपुटत ती उतरली. गिरण उतरवताना माझे हात चिडूनच चालत होते.

मोकळी जीप आणि ट्रेलरात नुसतं इंजिन, असा मी एकटाच निघालो; मामू बायकांपाशी थांबले. जीप मोरीवरून गेली. ट्रेलरचं डावं चाक मधोमध आलं आणि खालून दगड दगडावर घासल्याचा आवाज आला. मी जीव खाऊन अॅक्सिलरेटर दाबला. ट्रेलर एका अंगाला कलला, ठोकळे करकरले, इंजिन तेवढं जागचं हललं नाही, आणि गाडी पलीकडे निघाली. मागे बघितलं तर निम्मी मोरी नाल्यात गेली होती.

जीप बंद केली. उतरून खाली बसलो. पलीकडच्या काठावर त्या सहा जणी एका ओळीत उभ्या होत्या. ट्रेलर कलला तेव्हा इंजिनाभोवती त्या असत्या, आणि जीपमध्ये गिरणीचंही वजन असतं, तर मोरी आधीच खचून ट्रेलर त्यांच्यासकट उलटला असता.

मग मामूंनी गिरण खोलली. बिडाचा मोठा भाग बांबूला बांधला. चौघी जणी, मामू आणि मी, सगळ्यांनी मिळून तो नाल्यातून पलीकडे नेला. दोन वेळा खाली टेकवावा लागला. पुली मी एकट्याने डोक्यावर घेतली, तर चढ संपेपर्यंत मान आखडली. तानूबाई म्हणाली, "पावणं, आमचं तर रोजचंच हाय."

सगळं काठावर आल्यावर मामूंच्या म्हणण्याप्रमाणे मी आधी इंजिन वाडीत नेलं, मग ट्रेलर सोडून गिरणीसाठी परत आलो. तानूबाईने विचारलं, "आता बसू काय?" मी म्हटलं, "नगं. चाला, मी सावकाश येतो." मामू त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन धडधडलं. पहिला तांदूळ पडला तेव्हा बायकांनी मामूंना पाटावर बसवून आधी जेवायला वाढलं, मला नंतर. ते बरोबरच होतं. वाडीने मोरीत दगड भरून दिले, त्यावरून रिकामी गाडी काढली आणि आम्ही परत निघालो. वाटेत मी मामूंना म्हटलं, "चुकलो मी." ते म्हणाले, "गाडी बगून चालवा."

मालकांना मामूंनी फक्त "मोरी खचली" एवढंच सांगितलं. माझं नाव काढलं नाही.

घरी पोचलो आणि अंगणातच आडवा झालो. बायको मानेला तेल चोळत होती, तिला सगळं सांगितलं. बसा म्हणून मीच म्हटलं होतं, हेही सांगितलं. तिनं हातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, "कोण कोण हुत्या त्या? नावं काय त्यांची?"

तानूबाई सोडली तर एकीचंही नाव मला सांगता आलं नाही.