उरलेला एक शब्द

आमच्या केळव्याच्या घरात आजारांना तीन-चारच नावं होती. ताप, खोकला, वारं आणि बाहेरचं. ही गोष्ट साठ ते सत्तरच्या मधली. आमचे हे सुपारी काढताना झाडावरून पडले, पाटाच्या दगडावर डोकं आपटलं, आणि मुंबईच्या इस्पितळातून परत आले ते उजवा हात लुळा आणि उजवा पाय ओढत. सासूबाई म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं. इथवर ठीक होतं. वारं गेलेली माणसं गावात होती, त्यांना कोणी घराबाहेर काढत नव्हतं.

पण हे एकच शब्द बोलायचे. जेवलात का? हाय. दुखतंय का? हाय. पाण्याचा तांब्या पुढे केला की "हाय" म्हणायचे आणि डाव्या हातानं तो उडवून द्यायचे. मग रडायचे. याला आमच्या यादीत नाव नव्हतं, म्हणून घरानं जवळचं होतं ते दिलं. वेड. आणि आमच्याकडे वेडाला पत्ता एकच, ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ. तिथे गेलेला कोणी परत आल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मोठे दीर वाईट नव्हते. नणंदेची सोयरीक जमत नव्हती, "घरात वेड हाय" म्हणून माणसं उंबरठ्यावरून मागे फिरत होती. त्यांनाही जीव नकोसा झाला होता. पण मला माझंच पडलं होतं. यांना उठवायचं, भरवायचं, धुवायचं, चिडले की फुटलेलं गोळा करायचं. माहेर एडवणचं, फार लांब नाही, तरी वाडीचं फाटक ओलांडायला मला निमित्त लागायचं. त्यात मोठ्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. म्हणजे एका घरात दोन मुके, एक डोक्याला मार बसून आणि एक रीतीनं. गुदमरायला व्हायचं मला.

पालघरच्या डॉक्टरांकडे यांना दाखवायला दीर घेऊन गेले, यांना धरायला म्हणून मी. डॉक्टर बोलत होते दिरांशी. हेमिप्लेजिया, अफेजिया, फिजिओथेरपी. दीर प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. त्यातलं त्यांना किती कळलं ते मला पुढे कळलं, कारण बाजारातून त्यांनी मालिशच्या तेलाची बाटली घेतली. पण आधी ते टांगा बघायला बाहेर गेले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाला आपणहून प्रश्न विचारला.

"यांना वेड लागलंय का हो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "छे. मार डोक्याच्या डाव्या बाजूला बसलाय. उजवं अंग तीच बाजू चालवते, आणि बोलणंही. हात गेला त्याला हेमिप्लेजिया म्हणतात, बोलणं गेलं त्याला अफेजिया. यांना कळतं बरंचसं. बोलायला जातात तेव्हा उरलेला एकच शब्द तोंडात येतो. मनात 'नाही' असलं, तरी बाहेर 'हाय'च पडणार."

"मग तांब्या का उडवतात?"

"पाणी नको असेल. सांगणार कसं?"

मग ते म्हणाले, आता यांचं पुनर्वसन घरातच करायचं. तो शब्द मी तारापूरकडची गावं उठवली तेव्हा ऐकला होता, त्यामुळे मला वाटलं, आता आम्हालाही उठवणार. पण त्यांनी समजावलं, रोज बोटं उघडायची, हात सरळ करायचा, वस्तू हातात देऊन तिचं नाव घ्यायचं. टांगा आला. परतीच्या वाटेवर मी अफेजिया, अफेजिया असं मनात घोकत होते. घरी कोणाला सांगणार? डॉक्टरांना तू विचारलंस कधी, हा पहिला सवाल झाला असता.

मी बोटं उघडत राहिले, तांब्या, कोयता, पान म्हणत राहिले. हे हाय म्हणत राहिले.

आमच्याकडे लग्न असो की वाडीची वाटणी, चार माणसांदेखत होकार घ्यायचा आणि सुपारी फोडायची. सुपारी फुटली की विषय संपला, मग देव आला तरी बदल नाही. एका सकाळी दिरांनी मामेसासरे आणि दोन शेजारी बोलावले. यांना खाटेवर बसवलं. दीर प्रेमानंच म्हणाले, "ठाण्याला जाशील ना? तिथं बरा होशील."

"हाय."

मामांनी अडकित्ता उचलला.

मी दाराआडून बाहेर आले. "मामा, थांबा. अहो, तुमी बाई हाय का?"

"हाय," हे म्हणाले. आणि आपलंच उत्तर ऐकून हसायला लागले. तोंडाच्या एकाच बाजूनं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मामाही हसले.

"ठाण्याला नाय जायचं ना?"

"हाय." हसू गेलं. त्यांनी डाव्या हातानं खाटेचा खूर धरला तो सोडेनात.

"यांना समदं कळतं," मी म्हणाले. "अफेजिया हाय. डागतर बोलले. यांच्या हायवर जाऊ नका, त्याला काय अर्थ नाय."

"तुला कधी बोलले?" दिरांनी विचारलं.

"तुमी टांगा बघाया गेलता तवा."

मामांनी सुपारी अख्खीच तबकात ठेवली. दीर पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसेही बोलत नसत, त्यामुळे फरक पडला नाही. नणंदेचं लग्न उशिरानं, लांबच्या गावात झालं. हे घरीच राहिले. बोटं थोडी उघडली, कधीमधी "पा" म्हणायचे पाण्याला. बाकी शब्द आला नाही. मीही फाटकाच्या आतच राहिले.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी ओटीवर त्यांचा हात चोळता चोळता मी विचारलं. इतकी वर्षं मनात होतं.

"मी हाय म्हणून बरं वाटतं का तुमाला?"

"हाय," ते लगेच म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या शब्दाला काही अर्थ नसतो, हे चार माणसांत मीच पटवून दिलं होतं.