तानाबाईची शेळी

सरांनी माझी वही दोन बोटांत धरली. मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तशी. अख्ख्या वर्गाला दाखवली.

"हे काय आहे? न्यायाधीश व्हायचंय की सांबार विकायचाय?"

वर्ग हसला. वहीतून सांबाराची एक वाळकी काडी खाली पडली, तेव्हा आणखी हसला.

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. काडी खरी होती. सकाळी मी चंद्रपूरच्या बाजारात भाजी विकायची. नऊला हात धुऊन क्लासला यायची. साबणाने धुतले तरी हाताचा वास जायचा नाही. वहीचाही नाही.

"उद्यापासून नोट्स टाईप करून आणायच्या," सर म्हणाले. "वहीवाले मागे बसतील."

प्लग पुढच्या दोन रांगांतच होते. लॅपटॉपवाले तिथे बसले. मागे आम्ही पाच जण. पाचही आमच्यातलेच, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतले. कोणी तसं ठरवलं नव्हतं. ते आपोआप तसंच झालं. आपोआप होतं तेव्हाच मला जास्त राग येतो.

मी सिंदेवाहीकडच्या गावातली. आमच्या बौद्ध वस्तीतून वकिलीची पदवी घेतलेली पहिली. पूर्वपरीक्षा पास झाले होते. पुढे मुख्य परीक्षा होती, आणि ती हाताने लिहायची असते. तासन् तास, निळ्या पेनाने. तिथे कोणी लॅपटॉप देत नाही. हे सरांना माहीत होतं. पण क्लासमध्ये वही म्हणजे गरिबी आणि लॅपटॉप म्हणजे हुशारी, असा हिशेब बसला होता.

टायपिंग मी करून पाहिलं. मोबाईलवर अख्खं प्रकरण अंगठ्याने उतरवलं. संध्याकाळी स्वतःला प्रश्न विचारले, तर डोकं कोरं. अंगठा चालला होता, मी चाललेच नव्हते. हाताने लिहिताना सगळं लिहून होत नाही. निवडावं लागतं. सडकं बाजूला, कामाचं टोपलीत. हे काम मला दहा वर्षांची असल्यापासून येतं.

आणि मी उदाहरणं आपल्या माणसांची लिहायची. पुस्तकातले 'अ' आणि 'ब' मला कधी दिसले नाहीत. मला दिसायची तानाबाई. तानाबाई म्हणजे माझी माय.

चोरीच्या पानावर मी लिहिलं होतं: 'गोविंदभाऊच्या बांधीतलं धान तानाबाईच्या शेळीने खाल्लं, असं गोविंदभाऊचं म्हणणं. गोविंदभाऊने तानाबाईच्या दारातून तानाबाईची शेळी सोडून नेली. तानाबाईने मागितली, तरी गोविंदभाऊने दिली नाही. धानाची भरपाई म्हणून नेली तरी ही चोरीच.'

बांधी म्हणजे आमच्याकडचं भाताचं शेत. हे उदाहरण मी रचलेलं नाही. मी नऊ वर्षांची होते. माय गोविंदभाऊच्या आवाराबाहेर दुपारपर्यंत उभी होती, आणि मी तिचा पदर धरून. आत शेळी ओरडत होती. गोविंदभाऊ ओट्यावर आला आणि म्हणाला, "चोरटी जात तुमची. निघ इथून."

रस्त्याने माय एकच वाक्य म्हणत राहिली. "शेळी माही, अन् चोर मीच? मले काऊन चोर म्हनते तो?"

चार दिवसांनी त्यांच्याकडे पाहुणे जेवले. उकिरड्यावर आमचं दावं पडलेलं होतं. मी ते ओळखलं. मायला सांगितलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडलं, तेव्हा मी ते पान तीनदा लिहिलं. हाताने.

पहिल्या सराव परीक्षेत मला वेदांतपेक्षा जास्त गुण मिळाले. वेदांत पुढच्या रांगेतला. बाप जिल्ह्यातला मोठा वकील. सर बोलायचे ते सगळं तो टाईप करायचा. सर खोकले असते तर तेही केलं असतं. निकाल लागला त्या दिवशी तो पहिल्यांदा मागच्या बाकावर आला.

"ताई, तुझ्या वह्या दे ना. मी टाईप करून घेतो. तुलाही छापील प्रत देतो."

"प्रत नंतर. दर पानाखाली माझं नाव पाहिजे."

"पक्कं गं ताई."

तराजूची दांडी बघितल्याशिवाय मी पाव किलो वांगी घेत नाही. इथे मात्र तोंडी सौदा केला. छापील पानावर आपलं नाव दिसेल, या हावेने केला. चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

महिन्याभराने वह्या परत आल्या. प्रत आली नाही. पुढच्या आठवड्यात क्लासनेच नोट्स वाटल्या. गुळगुळीत कव्हर. आत माझीच पानं, आणि वर लिहिलेलं: 'संकलन: वेदांत'. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चार्जर शोधू लागला. मी गप्प राहिले, कारण मुख्य परीक्षेआधीचे सगळे सराव पेपर सर तपासणार होते आणि मला ते तपासून हवे होते. एवढा भाव मी मनात केला.

मग तो पेपर आला. प्रश्न चोरीचा. मी माझं उत्तर लिहिलं. गोविंदभाऊ, तानाबाई, शेळी, सगळं.

सरांनी दुसऱ्या दिवशी मला उभं केलं.

"शेळीचं उदाहरण, भरपाईचा मुद्दा. वेदांतच्या नोट्समधून जसंच्या तसं उतरवलंस. आता खोटं बोलू नकोस."

मी वही काढली. सर म्हणाले, "वही काय, कोणीही छापील बघून लिहील."

म्हणजे छापलेलं ते मूळ, आणि हाताने लिहिलेली ती नक्कल.

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "माफीनामा दे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. आणि हाताने लिही. हाताने लिहिलेलं मनापासून असतं."

पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "सांबार तरी तिचा स्वतःचा आहे का विचारा, सर." परत हसू.

मी पेन उघडलं. खरं सांगते, उघडलं. 'मी' एवढं लिहिलं. आणि मला ओट्यावरचा गोविंदभाऊ दिसला. छापील नोट्समधलं शेळीचं पान मी घरी वाचलेलं होतं. मी पेन बंद केलं. आवाज चढला तशी गावची बोलीही वर आली.

"चोर कोन हाये ते कागदच सांगते, सर. तुमच्या छापील नोट्समधलं शेळीचं पान वाचा. मोठ्यानं वाचा."

"नीट बोल."

"नीटच बोलून राह्यली. वाचा."

सरांनी पान काढलं. वाचायला लागले.

"तानाबाईच्या बांधीतलं धान तानाबाईच्या शेळीने खाल्लं, असं तानाबाईचं म्हणणं. तानाबाईने तानाबाईच्या दारातून तानाबाईची शेळी..."

थांबले. या वेळी कोणी हसलं नाही.

"पूर्ण करा ना, सर. तानाबाईने मागितली, तरी तानाबाईने दिली नाही."

सर मोठे वकील. त्यांनी वाट शोधली. "कायद्यात स्वतःच्या वस्तूचीही चोरी होऊ शकते."

"होते. पण वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असली तर. इथे मालकी तानाबाईची, ताबा तानाबाईचा, दारही तानाबाईचं. मग चोरी कोणाची झाली?" मी माझी वही उघडून टेबलावर ठेवली. "इथे वाचा. नेली कोणी ते लिहिलंय. छापील बघून उतरवलं असतं, तर गोविंदभाऊ माझ्या वहीत कुठून आला?"

सरांनी वेदांतला विचारलं. त्याला खोटं बोलायची गरजही वाटली नाही. सहज सांगितलं.

"सर, गोविंदभाऊसारखा मोठा शेतकरी शेळी कशाला चोरेल? वाचताना पटत नव्हतं. म्हणून नावं उलटी करत होतो. एका बटणात सगळीकडे बदलतं. आधी गोविंदभाऊ काढून तानाबाई टाकलं, तर सगळीच तानाबाई झाली. माझ्या लक्षात आलं नाही."

पटत नव्हतं. तानाबाई चोर असती तर पटलं असतं.

वेदांतचा माझ्या मायशी काही दावा नव्हता. त्याने तिला कधी पाहिलंही नाही. हाताने लिहायचं असतं तर तिच्या नावापुढे चोरी लिहिताना आपण काय करतोय, ते निदान दर ओळीला त्याचं त्यालाच दिसलं असतं. बटणाने तेवढंही घडू दिलं नाही.

क्लास सुटल्यावर सर जिन्यात भेटले. आवाज मऊ होता.

"माफीनामा राहू दे. उद्यापासून पुढच्या रांगेत बस. फी नको. हा विषय इथेच संपव."

मी भाव करणारी बाई आहे. समोरचा एकदम खाली आला, की त्याच्या मालात खोट असते.

"माझा भाव ऐका, सर. ते पान बदला. शेळी कोणाची अन् नेली कोणी, ते बरोबर छापा. खाली माझं नाव टाका. आणि ज्या वर्गासमोर माझी वही हवेत धरली, त्याच वर्गासमोर वाचा."

"प्रती वाटून झाल्यात. आता कसं शक्य आहे?"

"मग सौदा नाही."

मी वह्या उचलल्या आणि उतरले. पुन्हा त्या जिन्याने चढले नाही. त्या नोट्स अजून फिरतात. चंद्रपूर, गडचिरोलीच्या अभ्यासिकांत पोरं त्या पाठ करतात. त्यांत माझी माय आजही स्वतःच्या दारातून स्वतःची शेळी चोरते.

सराव पेपर आता मीच सोडवते, मीच तपासते. मुख्य परीक्षा पुढ्यात आहे. हाताने लिहीन. नाही जमलं तर पुन्हा बसेन.

टायपिंगवर माझा राग नाही. मीही शिकले. पण एक पक्कं ठरवलं आहे. ज्या दिवशी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसेन, त्या दिवशी समोर येणारा प्रत्येक कागद टाईप केलेला असेल. स्वच्छ. गुळगुळीत. त्यात आरोपीच्या जागी कोणाचं तरी नाव असेल. ते नाव वाचून मी पुढे जाणार नाही. आधी विचारीन, शेळी कोणाच्या दारातून गेली.