बारा पाचरी

गावाच्या मुख्य रस्त्यावर, चौकापासून चौथी, तीन कमानींची जी दगडी इमारत आहे तिला सगळे पोस्ट म्हणतात. तिथून पोस्ट हलल्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. मागून तिथे कापडाचं दुकान आलं, मग बँक, बँकेनंतर दातांचा दवाखाना, आणि शेवटी कॉम्प्युटरचा क्लास. पण माणसाच्या तोंडी एकदा बसलेलं नाव हलत नाही. त्यामुळे "पोस्टात जाऊन दाढ काढून आलो" असं इथला माणूस सहज बोलून जातो आणि ऐकणाराही दाढच कुठली ते विचारतो.

बँक होती तेव्हा एक आजीबाई दर महिन्याला लेकीला लिहिलेलं पत्र घेऊन यायच्या आणि कॅशियरच्या हातात द्यायच्या. पहिल्यांदा त्याने समजावून पाहिलं. आजी म्हणाल्या, "बाबा रे, काउंटर तर तेच आहे की!" तेव्हापासून घरी जाताना पत्र पेटीत टाकायचं कामच त्याने अंगावर घेतलं.

आजींचं चुकलं नव्हतं. काउंटर तेच होतं. अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद, सागवानी. पोस्टासाठी ते केलं गावच्या सुतारकाकांच्या सासऱ्यांनी. खोलीचा दरवाजा साडेतीन फुटांचा आणि पुढे लगेच जिन्याचं वळण, म्हणून ते आतच बसून जोडलेलं. गंमत अशी की त्यात एकही खिळा नव्हता. आडव्या सहा-सहा फुटी फळ्यांची टोकं उभ्या खांबांतून आरपार काढायची आणि बाहेरून लाकडाची पाचर ठोकायची, असे बारा सांधे. पाचरी काढल्या की अख्खं काउंटर फळी फळी होऊन दारातून बाहेर.

सुतारकाकांनी आयुष्यभर याच इमारतीची कामं केली. बँकेला जाळीची चौकट, डॉक्टरांना कपाट, क्लासला टेबलं. जो येईल तो जुन्याची मोडतोड करायला बघायचा आणि काका म्हणायचे, "बाकी काय वाटेल ते पाडा. काउंटरला हात लावायचा नाही." काउंटरवर शाईचे डाग होते, कापड मोजायला ठोकलेल्या पितळी चुका होत्या, डॉक्टरांच्या स्पिरिटच्या दिव्याने पडलेला एक काळा गोल होता. काका ते सगळं जावयाला घर दाखवावं तसं लोकांना दाखवायचे.

आता तिथे वाचनालय होणार होतं. काउंटर ठेवायचं ठरलं होतं, पण त्याच्याखालची फरशी खचली होती. काम बघणारी इंजिनीअरबाई तरुण, चटपटीत. तिने टेप लावला, दरवाजा मोजला आणि म्हणाली, "काका, हे तीन ठिकाणी कापावं लागेल. नंतर पट्ट्या मारून जोडू."

"कापायचं?" काका हसले. "बाई, यात खिळा नाही की चिकटवायला सरसाचा थेंब नाही. तासाभरात उलगडून देतो. माझ्या सासऱ्यांचं काम आहे ते."

हे ते वाचनालयाच्या अध्यक्षांसमोर आणि फरशीवाल्यांसमोर बोलले. भरात बोलून गेले, आणि घरी येताना स्वतःलाच शिव्या घालत आले. कारण खिळा नव्हता हे खरं होतं. सरसाचं खोटं होतं.

त्याचं असं झालं होतं. कापडाचं दुकान नवं नवं असताना काउंटर करकरायला लागलं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पाचरी सैल पडतात. शेटजींनी ताग्यांचा ढीग टाकला की काउंटर कुरकुरायचं आणि गिऱ्हाइकं हसायची, "शेट, तुमचा भाव ऐकून काउंटर कण्हतंय बघा!" शेटजी वैतागले. सासरे परगावी लग्नाला गेलेले. काका तेव्हा चोविशीचे, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पाचरींना दोन दोन ठोके द्यायचे, एवढंच काम. पण नवा सुतार, त्याला वाटलं कायमचा बंदोबस्त करावा. बाराही सांध्यांत त्यांनी गरम सरस ओतला. सुटी ठेवायची म्हणून केलेली वस्तू चिकटवून टाकली!

सासरे परत आले. काउंटरवर तळवा दाबून त्यांनी वजन टाकलं. आवाज नाही. म्हणाले, "शांत झालं की! जमायला लागलं तुला."

सासऱ्यांनी जन्मात केलेलं हे एकच कौतुक. काकूंनी ते पुढे नातवंडांपर्यंत पोचवलं. आता अशा कौतुकाला "मामा, मी घोटाळा केलाय" असं कोण म्हणणार? तेव्हा नाही म्हटलं ते नाहीच म्हटलं.

ठरल्या दिवशी सकाळी काकांनी पहिल्या पाचरीवर लाकडी हातोडा मारला. काही नाही. दुसरीवर मारला. काही नाही. बाराही झाल्या. काउंटर ढिम्म. सरस वाफेने सुटतो हे त्यांना पाठ होतं, पण वाफ मागायची म्हणजे सरस आहे हे कबूल करायचं, तेही अध्यक्ष दारात खुर्ची टाकून बसलेले असताना.

इंजिनीअरबाई घड्याळ बघून म्हणाली, "काका, कटरवाला तीनला येतोय. त्याला अजून एक काम आहे. काय करू?"

काकांनी बारावी पाचर बोटाने चाचपली. मग म्हणाले, "कापा."

म्हणजे लाकूड गेलं तरी चालेल, पण अब्रू राहू दे. असा हिशेब माणूस करतो.

एक वाजता काकू डबा घेऊन आल्या. बघतात तर नवरा हातोडा मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसलेला.

"झालं का उलगडून?"

"नाही. कापायचंय."

"का?"

"जुनं झालंय. आवळून बसलंय."

काकूंनी डबा काउंटरवर ठेवला. "अहो, सरस घातलाय म्हणून बसलंय."

काकांनी हातोडा बाजूला ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मामींकडच्या लग्नाहून मी परत आले तर माझं दुधाचं पातेलं बरबटलेलं. बाबांचं सरसाचं भांडं कुलपात, मग तुम्ही माझ्या पातेल्यात शिजवलात. तीन दिवस चहाला वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी नको म्हटलं. त्यांनीही तोच चहा प्यायला होता ना!"

"म्हणजे मामांना माहीत होतं?"

"पहिल्या घोटालाच. मी भांडायला निघाले होते, पातेलं माझ्या आईचं होतं. तर म्हणाले, 'नवा आहे, धडपडतोय. सरस काय, वाफ दिली की सुटेल. तोवर जरा घाबरून राहू दे, हात नीट चालेल.'"

चव्वेचाळीस वर्षं! काका आधी चिडले, मग हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसून उठले. सरळ दारात गेले.

"अध्यक्षसाहेब, मी परवा खोटं बोललो. यात सरस आहे आणि तो मीच घातलाय. कटरवाल्याला येऊ नको म्हणा. मला किटली लागेल."

अध्यक्षांनी विचारलं, "चहाची?"

"चहाचीच. पण चहा नाही मिळणार."

समोरच्या हॉटेलातून शेगडी आणि किटली आली. इंजिनीअरबाईने स्वतः रबरी नळी शोधून किटलीच्या तोटीला लावली. एकेका सांध्याला वीस वीस मिनिटं वाफ. जुन्या सरसाचा वास खोलीभर पसरला तसा काकूंनी पदर नाकाला लावला, "हाच तो! हाच चहा!" पहिली पाचर करकरत निघाली. अकरावीपर्यंत सगळ्या निघाल्या. बारावी मोडली, तिच्या जागी काकांनी तिथेच बसून नवी तासली. संध्याकाळपर्यंत काउंटर फळी फळी होऊन बाहेर कमानीखाली उभं होतं.

फरशी बसली, काउंटर परत जोडलं गेलं. या वेळी कोरडं. वाचनालय सुरू झालं आणि उन्हाळा संपता संपता ग्रंथपालबाईंचा निरोप आला: काका, पुस्तकं ठेवली की काउंटर करकरतं, वाचणारे माना वर करून बघतात.

काका गेले. बारा पाचरी, प्रत्येकीला दोन ठोके. पाऊण तासही लागला नाही, त्यातही निम्मा वेळ गप्पांत गेला. निघताना ते खाली वाकून काउंटरच्या पोटात शिरले आणि कानामागची पेन्सिल काढून फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दर उन्हाळ्यानंतर दोन ठोके. सरस घालू नये.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "कुठे गेला होतात इतका वेळ?"

"पोस्टात," काका म्हणाले. "चहा टाक."

"कुठल्या पातेल्यात?" काकूंनी विचारलं.