बत्तीसपैकी बत्तीस

समोरच्या दारातले भावजी कवळ्या बनवतात. दातांचे दोन डॉक्टर त्यांच्याकडे रोग्यांच्या जबड्यांची मापं पाठवतात, आणि भावजी पुढच्या खोलीत खिडकीशी बसून प्लास्टरचे साचे ओततात, मेणात दात रोवतात, घासतात, चकाकवतात. भिंतीवरच्या फळ्यांवर तीसचाळीस जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. नवा माणूस दारातून डोकावला की दचकतो. मी दचकत नाही, कारण तिसऱ्या फळीवर डावीकडून पाचवा जबडा माझाच आहे. माझी खालची कवळी भावजींच्या हातची. त्यामुळे त्यांच्याविषयी वाकडं बोलायचं झालं तरी त्यांनीच दिलेल्या दातांनी बोलावं लागतं. तरी मी बोलतेच.

तर हे भावजी सिनेमावेडे. तसे सिनेमावेडे पुष्कळ असतात. आमचे हेसुद्धा तिकीट काढून आत जातात आणि छान झोपतात. भावजींना मात्र आलेल्या सिनेमापेक्षा येणाऱ्या सिनेमाचं वेड जास्त. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी ते संपत आलेल्या कॅलेंडरचा पुठ्ठा उलटा करतात आणि येत्या वर्षाचे झाडून सगळे सिनेमे तारखेवार लिहून काढतात. प्रत्येकापुढे आपली आशा किती ते आकड्यात, आणि आकडा दातांत. बत्तीसपैकी. कुणाला नऊ दात, कुणाला सतरा. सिनेमा बघून आले की त्याच्यापुढे हिरव्या शाईनं खरे किती निघाले ते लिहायचं. यादी बघायला पहिली मी जाते. चार घरी सांगायला कुणीतरी नको का?

"अठ्ठावीसच्या वर तुम्ही कधीच जात नाही," मी एकदा म्हटलं. "एवढी कंजुषी?"

"अक्कलदाढा सिनेमा बघितल्यावर, वहिनी. आधीच देऊन बसलो तर अक्कल आपली गेली."

लोक पोस्टरवर नट बघतात, हे दात बघतात. एकदा एका गाजावाजा झालेल्या प्रेमपटाला त्यांनी सहा दात दिले. मी कारण विचारलं. म्हणाले, "नायिकेच्या या फोटोतल्या दातांची छटा आणि त्या फोटोतल्या दातांची छटा वेगळी आहे. निम्मं चित्रण आधी झालंय, निम्मं दोन वर्षांनी. मध्ये कुणीतरी रुसलं होतं." सिनेमा शुक्रवारी आला, सोमवारी गेला. मध्यंतरापूर्वी आणि नंतर जणू दोन वेगळे सिनेमे होते म्हणे. तेव्हापासून आमच्या जिन्यातलं कुणी भावजींना विचारल्याशिवाय तिकीट काढत नाही.

त्यांची बायको गणिताची मास्तरीण. एकच मुलगी, चिंगी. अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. ती सातवीत असताना दीपगृहाच्या सिनेमाचा पहिला भाग आला होता. दोन सख्खे भाऊ. एक दीपगृहाचा दिवा पेटता ठेवणारा, दुसरा तो विझवून जहाजं लुटणारा. लुटारू भावाचा पुढचा दात अर्धा तुटलेला, आणि तो रंगवलेला नव्हे, त्या नटाचा खराच तुटका. सिनेमा ऐन मोक्यावर थांबला आणि चिंगी आमच्या जिन्यात बसून रडली. तेव्हा भावजींनी शब्द दिला, "तिन्ही भाग आपण दोघं बरोबर बघायचे. पहिला शुक्रवार, पहिला खेळ." दुसऱ्या भागाच्या वेळी पोरगी तापानं फणफणलेली होती, तरी हे तिला शालीत गुंडाळून घेऊन गेले. मास्तरीणबाई चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मग सहा वर्षं काही नाही. आणि गेल्या डिसेंबरात मी यादी बघायला गेले, तर फेब्रुवारीचा दुसरा शुक्रवार, तिसरा भाग, आणि पुढे आकडा बत्तीस. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"अक्कल गेली वाटतं," मी म्हटलं.

"गेली," भावजी आनंदानं म्हणाले.

त्याच आठवड्यात चिंगीला मोजणी खात्यात नोकरी लागल्याचं पत्र आलं. गाव दोन दिवसांच्या प्रवासावर. हजर व्हायचं एक फेब्रुवारीला.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "पोरगी पहिल्या नोकरीवर चाललीये आणि तुम्ही खेळाच्या वेळा बघताय."

"मी काही म्हणालो का?"

"तुमचं तोंड म्हणतंय."

चिंगीनंच विषय काढला. "बाबा, नक्की त्याच तारखेला येणार असेल तर मी पंधरा दिवसांची मुदत मागते. पण तिथं राहायच्या खोल्या आधी येणाऱ्यांना मिळतात. उगीच माझी खोली जायची आणि सिनेमाही यायचा नाही."

भावजींनी तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी पेपर नाचवत आमच्याकडे आले. लुटारू भावाचं काम करणारा तो नट कुठल्याशा दुकानाची फीत कापत हसत होता. भावजींनी भिंग माझ्या डोळ्याशी धरलं. दात अखंड होता.

"कॅप बसवली त्यानं," भावजी म्हणाले. "तो तुटका दात म्हणजे त्या माणसाची भाकरी आहे, वहिनी. शेवटचं दृश्य झाल्याशिवाय तो त्याला हात लावू देईल? चित्रण संपलं. सिनेमा वेळेवर येणार." आणि तिथूनच हाक मारली, "चिंगे, माग मुदत."

चिंगीनं मुदत मागितली. खात्यानं कुरकुरत दिली. कचेरीच्या आवारातली खिडकीवाली खोली एक तारखेला हजर होणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी मिळणार, हे त्याच पत्रात होतं.

जानेवारी संपायला दोन दिवस असताना बातमी आली. तिसरा भाग ऑगस्टमध्ये, काही दृश्यांचं चित्रण बाकी. खाली चित्रणाच्या जागेचा ताजा फोटो. तोच नट, तेच हसू, दात अर्धा. भावजींनी त्या दातावर भिंग धरलं.

"निघणारी," शेवटी म्हणाले.

"काय निघणारी?"

"कॅप. समारंभाला जाताना घालायची, घरी आलं की वाटीत काढून ठेवायची." मग आवाज अगदी खाली गेला. "गेल्या महिन्यात तसल्या चार मीच करून दिल्यात, वहिनी."

मी हसले. खोटं कशाला सांगू, खळखळून हसले. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," असंही म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत खालीवर सगळ्यांना सांगून आले. परत येताना त्यांच्या उघड्या दारातून दिसलं की भावजी हातातली कवळी नुसतीच उलटीसुलटी करतायत आणि चिंगी शेजारी उभी राहून म्हणतेय, "जाऊ द्या हो बाबा, खोली काय, दुसरी मिळेल." ते मान वर करत नव्हते. सिनेमा पुढे गेल्याचं त्यांना फार नव्हतंच. दातावरून दिलेला शब्द खोटा पडला होता, आणि त्यापायी पोरीची खोली गेली होती. त्या दिवशी मला माझंच हसणं टोचलं. तेही त्यांच्याच दातांनी हसलेलं.

फेब्रुवारीचा दुसरा शुक्रवार उजाडला. चिंगी रविवारी निघणार होती. दुपारी आमच्या दाराखालून चिठ्ठी आत सरकली. 'तिसरा भाग. पहिला खेळ, तीन वाजता. पुढच्या खोलीत.'

खिडकीचे पडदे ओढलेले होते. टेबलावर पुस्तकांचा मनोरा रचून त्यावर कामाचा दिवा ठेवला होता, ते दीपगृह. माप घ्यायच्या पत्र्याच्या ताटल्या म्हणजे जहाजं. आणि फळीवरचे जबडे खाली उतरून नट झाले होते. निवृत्त हेडमास्तरांचा जबडा थोरला भाऊ. एका जादा साच्याचा पुढचा दात भावजींनी कानशीनं अर्धा घासला होता, तो लुटारू. त्या दोघांची आई म्हणून मी, म्हणजे माझा जबडा. ती बाई पहिल्याच भागात वारलेली आहे, पण भावजींच्या तिसऱ्या भागात मेल्यावरही गप्प बसत नव्हती.

"हे मुद्दाम केलंत," मी म्हटलं.

"भूमिका बघून नट निवडावा लागतो, वहिनी."

आणि मग त्यांनी सिनेमा सांगितला. सहा वर्षं मनात मुरलेला. कुठं पाऊस, कुठं नुसता होडीचा कुरकुर आवाज, कोण कुणाकडे न बघता बोलतो, सगळं. शेवटी थोरला भाऊ वादळात समुद्रात अडकतो, दिवा विझलेला, आणि ज्यानं जन्मभर तो विझवला तो लुटारू एकेक पायरी चढायला लागतो. भावजी तो अर्ध्या दाताचा जबडा एकेका पुस्तकावर टेकवत वर नेत होते. वर पोचल्यावर त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. दारात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन 'दोनच मिनिटं बघते' म्हणत उभ्या राहिलेल्या मास्तरीणबाई कधी खाली बसल्या ते त्यांनाच कळलं नव्हतं. मी दीड तास तोंड उघडलं नाही. आमच्या ह्यांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"पुढे?" चिंगीनं विचारलं.

"पुढे काही नाही. संपलं. चौथा भाग नाही."

रविवारी ती गेली. ऑगस्टमध्ये खरा तिसरा भाग आला. नव्या नोकरीत चिंगीला ऑक्टोबरपर्यंत रजा नव्हती. पहिल्या शुक्रवारी पहिल्या खेळाच्या वेळी भावजी खिडकीशी बसून कवळी घासत होते. पहिल्या खेळाचा त्यांचा नेम लग्नाच्या आधीपासून कधी चुकला नव्हता, तो चिंगीला दिलेल्या शब्दापायी मोडला. मास्तरीणबाई पेपरातली त्या सिनेमाची परीक्षणं कात्रीनं कापून मगच पेपर त्यांच्या हाती देत. खिडक्या पडलेला पेपर ते मुकाट वाचत. मी शनिवारीच जाऊन आले. आमचे हे शेवटपर्यंत जागे राहिले, यावरून काय ते समजा. परत येते तो भावजी जिन्यात हात जोडून उभे.

"एवढं करा वहिनी. एक अक्षर नको."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. आणि मी अख्खा सिनेमा पोटात घेऊन आठ आठवडे काढले. दर गुरुवारी मास्तरीणबाई जाहिरातीत बघायच्या, अजून कुठं चालू आहे का. मोठ्या थिएटरातून लहानात गेला, लहानातून गावाच्या टोकाच्या थिएटरात गेला, तीन खेळांचा एक झाला. नवव्या आठवड्यात फक्त सकाळी नऊचा खेळ उरला. त्या गुरुवारी चिंगी आली आणि शुक्रवारी नऊला बापलेक खुर्चीत बसले. त्यांच्यामागे दोन रांगा सोडून मीही होते. योगायोगानं.

मी पडद्याकडे बघितलंच नाही. लुटारू भाऊ पहिल्यांदा हसला तेव्हा भावजी चिंगीच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले आणि ती तोंडावर ओढणी धरून हसली. मला खरी भीती शेवटाची होती. खऱ्या सिनेमात तो पायऱ्या चढत नाही. मोठी मारामारी होते, स्फोट होतो आणि तो बुडतो. तेव्हा समोरची दोन्ही डोकी जरा जवळ आली, एवढंच.

बाहेर पडताना चिंगी म्हणाली, "बाबा, आपला जास्त बरा होता."

"असं म्हणू नये. सहा वर्षं खपलीत ती माणसं," भावजी म्हणाले.

दुपारी मी यादी बघायला गेले. बत्तीसपुढे हिरव्या शाईनं लिहिलं होतं, साडेएकतीस.

"अर्धा कुठं गेला?"

"तो तुटकाच होता ना, वहिनी." त्यांनी पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला, समोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं, आणि चिंगीला चहा टाकायला सांगितलं. "हं. आता बोला."

मी दिवेलागणीपर्यंत बोलले.