आत्याचं कुर्रर्र

भावाच्या मुलीचं बारसं पुण्यात, आणि तिची एकुलती एक आत्या दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटीच लॅपटॉपला शिव्या घालत बसलेली. ती आत्या म्हणजे मी.

"सुट्टी काढून ये," भाऊ महिनाभर कानीकपाळी ओरडत होता. मी काय म्हणाले? "अरे यार, व्हिडिओवर करू ना. काय फरक पडतो?" ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज आहे म्हणाले. रिलीज दर पंधरा दिवसांनी असतो, हे नाही सांगितलं. नाव मी निवडलेलं. आमच्याकडे ते आत्याच ठरवते, आई-बापालाही आधी सांगत नाही. पावणेबाराला भावाने लॅपटॉप पाळण्यापाशी न्यायचा आणि मी बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, असं ठरलं होतं.

सकाळी त्याने लिंक पाठवली, ती त्याच्या ऑफिसच्या व्हिडिओ कॉलची. ब्राउझरमधून जोडायची सोय त्या शहाण्यांनी बंद करून ठेवलेली. माझ्या जुन्या फोनवर ते ॲप चालत नाही. राहिला लॅपटॉप, आणि त्यावर विंडोज नाही, खुल्या कोडचं लिनक्स. ज्याचा कोड बघता येत नाही ते सॉफ्टवेअर माझ्या मशीनवर येणार नाही, हे भाषण मी ऑफिसात इतक्यांदा ठोकलंय की लोक मला बघून रस्ता बदलतात. आता तेच मुकाट्याने उतरवून घेत होते. दहा वाजले होते. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

त्या ॲपने आधी ॲडमिनचा पासवर्ड मागितला. म्हणजे बघा, स्वतःचं कपाट हा उघडून दाखवणार नाही, पण माझ्या घराच्या किल्ल्या ह्याला हव्यात! दिला, काय करते? मग म्हणे एक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारी फाइल, मशीनवर नाही. ती घातली, तर म्हणे जुनी आहे. नवी घातली, तेव्हा कुठे खिडकी उघडली. काळी ठिक्कर.

आवाज मात्र येत होता. बायकांची गडबड, भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी विचारतंय, "आत्या कुठाय?" मी ओरडतेय, "अगं, इथेच आहे!" तिकडे ऐकू जाईल तर शपथ. माइकच्या सेटिंगमध्ये माझा माइक दिसतच नव्हता. मी टेबलावर मूठ आपटली, त्या ॲपवाल्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. बेल वाजली. शेजारच्या आंटी. "बेटा, किससे लड़ रही हो?"

"कंप्यूटर से, आंटी." दार लावलं. पावणेबाराला दोन मिनिटं कमी होती. रडू यायला लागलं, आणि त्याचाही राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. साधा फोन. आई होती.

"अगं, किती वेळ? मुहूर्त टळेल."

"आई, व्हिडिओच चालत नाहीये!"

"नाव कानात सांगायचं असतं ना? मग तोंड कशाला दिसायला हवंय? धर, बाळाच्या कानाशी लावतेय."

पावणेदोन तास. एवढी कंप्युटर शिकलेली मी, आणि हे मला सुचलं नाही. भावालाही नाही, तोही आयटीतलाच. मी कुर्रर्र केलं. नाव दोनदा सांगावं लागलं. मग हशा, आणि धपाधप धपाटे. ते आत्याच्या पाठीवर द्यायचे असतात. माझ्या वाटचे आईने खाल्ले.

फोन ठेवून चहा करून आणला. मग ती मेली खिडकी आपोआप उजळली. छान स्वच्छ चित्र. झेंडूच्या माळा, रिकामा पाळणा. सगळे जेवायला गेले होते. कोपऱ्यात, लहानशा चौकटीत माझा रडका चेहरा.

बॉसकडे सुट्टीचे तीन दिवस मागितले असते तर त्याने नक्की दिले असते. मी विचारलंच नव्हतं.