उद्यासाठी भरलेलं नेट

गणराजशेठ वाईट माणूस आहे असं कुणी म्हणालं की मला चीड येते. वाईट माणसाला राग येतो, तो शिव्या देतो, कधीतरी पस्तावतोही. गणराजशेठ यातलं काहीच करत नाही. सकाळी गंध लावून ऑफिसात येतो, बापाच्या फोटोला उदबत्ती ओवाळतो आणि दिवसभर नियमाने वागतो. नऊ वर्षं मी त्याच्याकडे तारा ओढतोय, म्हणून सांगतो.

मी अनिस. चिखलीत खांबाखांबावर काळ्या केबलींचे जे गुंताडे लोंबतात, त्यातले निम्मे माझ्या हातचे. घरोघरी नेट पोचवणं हा गणराजशेठचा धंदा, आणि शिडीवर चढणं हा माझा.

त्याचे वडील धोंडीबा, पंचायतीच्या काळात गावाला पाणी सोडायचे. हातात छातीएवढी उंच लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी घालायची आणि फिरवायची. ज्या आळीत नमस्कार झाला नाही, तिथे दोन आटे कमी. तक्रार करायची सोय नव्हती, कारण पाणी येतच नाही असं कुणाला म्हणता येत नसे. यायचं, करंगळीएवढं. सगळ्या गावात सरपंचापेक्षा धोंडीबांना चहा जास्त मिळायचा. ती चावी आज ऑफिसात धोंडीबांच्या फोटोखाली टांगलेली आहे. तिला रोज हळदकुंकू वाहतात.

आता नेटचं सांगतो, कारण लोकांना वाटतं त्यात काहीतरी मोठी विद्या आहे. गणराजशेठ वरच्या मोठ्या कंपनीकडून एक जाड लाइन घेतो आणि ती सहाशे घरांत वाटतो. प्रत्येक घराला सांगतो, तुमचा स्पीड शंभर. सहाशे घरांनी एकदम नळ सोडला तर कुणाच्याच तोंडात थेंब पडणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण सगळे एकदम सोडत नाहीत, यावरच धंदा चालतो. बोर्डावर ‘अनलिमिटेड’ लिहिलंय आणि त्या शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढी एक चांदणी आहे. त्या चांदणीचा अर्थ असा, की महिन्याला तीनशे जीबी झाले की तुमचा स्पीड बैलगाडीवर येणार. कागदावर याला वाजवी वापराचं धोरण म्हणतात. चारदोन घरं सगळ्यांचं ओरपतात म्हणून ही लिमिट, असं तो गिऱ्हाइकाला समजावतो. त्यात थोडं खरंही आहे.

पण गर्दी होते रात्री नऊ ते अकरा. सकाळी अख्खी चिखली चाकणला, तळवड्याला, हिंजवडीला गेलेली असते आणि लाइन रिकामी पडून असते. लिमिट काही घड्याळ बघत नाही. आणि नेट म्हणजे काय ज्वारी आहे, की वापरली म्हणून कणगी रिकामी झाली? मी हे एकदा शेठला विचारलं. माणूस खोटं बोलत नाही, हे त्याचं मी मानतो. तो म्हणाला, “पोट भरल्यालं गिऱ्हाईक मोठं ताट मागत न्हाई, अनिस.” मोठं ताट म्हणजे महागाचा प्लॅन.

त्याचा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. एक कनेक्शन घ्यायचं आणि चार घरांना पाजायचं, हे त्याला चोरीसारखं लागायचं.

विमलबाईंच्या घरी मीच नेट बसवलं. वर्कशॉपच्या गल्लीत पत्र्याच्या सात खोल्या एका ओळीत, त्यातली त्यांची तिसरी. मूळची माणसं उदगीरकडची. नवरा उद्धवराव चाकणला कंपनीत, बाई स्वतः कँटीनला पोळ्या लाटायच्या, आणि मुलगी दिव्या कॉम्प्युटर शिकून बसलेली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना शेडचे पत्रे. मोबाइलवर बोलणं कसंबसं होतं, पण नेट लावलं की गोल फिरत राहतो. दिव्याला परीक्षा, मुलाखती सगळं घरूनच द्यायचं होतं, म्हणून कनेक्शन. देवांच्या फळीवर जागा करून राउटर बसवला, तेव्हा विमलबाईंनी त्यालाही कुंकवाचं बोट लावलं.

पासवर्ड दुसऱ्या दिवशी सातही खोल्यांत होता. तुम्ही म्हणाल, मूर्ख बाई. पण त्या ओळीत विरजणाला कुणी नाही म्हणत नाही, मग पासवर्डला कोण म्हणणार? उद्धवरावांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा पाचव्या खोलीतल्या गोजाबाईंनी महिनाभर डबा दिला होता. अशा बाईला कीर्तन बघायला नेट नाही म्हणायचं कसं?

मग हिंजवडीच्या एका कंपनीचं पत्र आलं. सातशे मुलांतून दिव्या वरच्या चाळिसात आली होती. शेवटची परीक्षा घरून, कॅमेरा चालू ठेवून, खोलीत दुसरं कुणी नको. अकराला सुरू, अकरा दहापर्यंत आत शिरलात तर शिरलात, नंतर दार बंद. पुन्हा संधी नाही. हे मला विमलबाईंनी रस्त्यात थांबवून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

आदल्या दिवशी दुपारी त्या सहाही दारांवर गेल्या. “उद्या लेकराची परीक्षा हाय. उद्याचा दिवस नेटला कुणी हात लावू नगा, तेवढं करा.” सगळ्यांनी मान डोलावली. गोजाबाई म्हणाल्या, “अगं, नेटचं काय घेऊन बसलीस? आपली पोर हाय.” शेजारच्या बंटीने तर आईची शपथ घेतली.

आणि प्रत्येकाने आपापला शब्द पाळला, हे लक्षात ठेवा. कुणी कुणाला फसवलं नाही.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. उद्या पाणी नाही म्हटलं की आज घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायचं, हे इथल्या माणसाच्या हाडात गेलंय. पिंप, कळश्या, पातेली, शेवटी चहाचा टोपसुद्धा. विमलबाई सांगून गेल्या, उद्या नेट नाही. मग संध्याकाळपासून सहा खोल्यांनी भरायला घेतलं. बंटीने अकरा पिक्चर उतरवले. सहाव्या खोलीतल्या कामगार पोरांनी एक आख्खी मालिका. गोजाबाईंच्या नातवाने आजीला महिनाभर पुरतील एवढी कीर्तनं भरून दिली. महिन्याची सत्तावीस तारीख होती, लिमिटमधले साठेक जीबी उरले होते. झोपायच्या आत सगळे संपले.

संपल्याचा मेसेज गेला उद्धवरावांच्या नंबरावर. ते दुसऱ्या पाळीला होते आणि त्यांच्या कंपनीत फोन गेटवर लॉकरात ठेवावा लागतो. सुटल्यावर बघितलाही असेल, पण नेटवाल्यांचे मेसेज कोण वाचतो?

सकाळी सगळी ओळ चिडीचूप. सहाही खोल्यांत वायफाय बंद. गोजाबाईंनी उगाच लोड नको म्हणून फ्रिजचासुद्धा प्लग काढला होता. सव्वादहाला दिव्याने लॅपटॉप उघडला. पान अर्धं आलं. कॅमेऱ्याच्या चौकोनात काळं. पुन्हा केलं, पुन्हा काळं.

विमलबाई पळत ऑफिसात आल्या तेव्हा साडेदहा वाजले होते. पायात चप्पल नव्हती. मी दारात केबलचं वेटोळं करत बसलो होतो. शेठ नुकताच चहा घेऊन खुर्चीत टेकला होता.

“शेठ, नेट बंद पडलंय. पोरीची परीक्षा हाय ओ अकराला.”

शेठने शांतपणे स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. “बंद न्हाई, ताई. संपलंय.”

“मग भरते की. किती द्यावं लागतंय?” मुठीत पैसे होतेच. घरातून निघतानाच घेतले असणार.

“पैसं न्हाई मागत मी. काल एका संध्याकाळी साठ जीबी. तुमी माणसं तीन. कुणाकुणाला दिलंय, नावं सांगा.”

बाई म्हणाल्या, “शेजारी हायत, शेठ.”

“व्हय, शेजारीच असत्याल. नावं सांगा.”

वाढीव डेटा टाकायला एक बटण दाबावं लागतं. तेच बटण माझ्या खिशातल्या फोनवरही होतं. पॅनेलचा, म्हणजे सगळी कनेक्शनं दिसतात त्या पानाचा, पासवर्ड शेठनेच मला दिलेला. त्याच्या मेव्हण्याचं नेट संपलं की मीच भरून द्यायचो, महिन्यातून दोनदा. मी फोनला हात लावला नाही. घरी ताहेरा, दोन पोरं, नऊ वर्षांची नोकरी, असं सगळं तेव्हा मनात आलं. खरं सांगायचं तर मनात काहीच आलं नाही. मी वेटोळं करत राहिलो.

पावणेअकराला विमलबाई शेठच्या पाया पडल्या. शेठने पाय मागे घेतले. “पाया नका पडू, ताई. मला न्हाई आवडत. हा घ्या कागद, लिहून द्या.” आणि पेन पुढे केलं.

बाई चौथी शिकलेली. पोळ्या लाटणारा हात, पेन चिमटीत धरता येईना. मी उठून म्हणालो, “शेठ, मी लिहितो, त्या सांगतील.”

“तू न्हाई. त्यांच्या हातचं पायजे. उद्या कुणी न्हाई म्हणायला नको.”

मग त्यांनी लिहिलं. बंटीचं नाव लिहिताना टिंब राहिलं, ते पुन्हा दिलं. दुसरं नाव, तिसरं नाव. भिंतीवर घड्याळ होतं, शेठला ते दिसत होतं. दोनदा फोन वाजला, दिव्याचा. शेठ म्हणाला, “आधी लिहा.” गोजाबाईंच्या नावापाशी त्या थांबल्या. पेन तसंच कागदावर टेकलेलं. मग लिहिलं. गोजा इतकंच. शेठने आडनावही मागितलं.

सहा नावं झाली. शेठने कागद वाचला, घडी केली, चावीच्या हुकाला अडकवला. उरलेला चहा संपवला. मग बटण दाबलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

विमलबाईंनी तिथूनच फोन लावला. “आलं का गं?”

दिव्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. रडत नव्हती. “आलं, आई. लई जोरात आलं. पण दार बंद झालंय.”

विमलबाईंनी मुठीतले पैसे टेबलावर ठेवले आणि गेल्या. शेठने त्याची पावती केली आणि मला म्हणाला, जाता जाता देऊन ये.

दुसऱ्या दिवशी त्याने तोच कागद माझ्या हातात दिला. सहाही खोल्यांत जायचं, कागद दाखवायचा आणि सांगायचं, आपलं कनेक्शन घ्या, नाहीतर खोलीमालकाकडे तक्रार करतो. मी गेलो. अक्षर सगळ्यांनी ओळखलं. भिशीच्या वहीत दर महिन्याला विमलबाईंची वाकडीतिकडी सही ते बघत होते. गोजाबाईंनी कागद उलटसुलट केला. “माझं नाव हिनं लिहिलं?” मग म्हणाल्या, “मी काल फ्रिज बंद ठेवला होता रे.” दूध नासलं होतं त्यांचं.

बंटीला मी बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा, आदल्या संध्याकाळी तुम्हीच संपवलंत. तो म्हणाला, “पण भावा, उद्या नाही म्हणाल्या ना त्या? मग आजच भरून घेणार की माणूस.”

आठवड्यात सहा नवीन कनेक्शनं लागली. शेठने मला पेढे दिले, ते मी खाल्ले. विमलबाईंना त्यानंतर त्या ओळीत विरजण मिळालं नाही. विरजण का देत नाही म्हणून मी सहज विचारलं होतं गोजाबाईंना, त्या म्हणाल्या, “तिनं दुकानातनं आणावं.” उद्धवरावांनी बायकोला काय म्हटलं मला माहीत नाही, पण पुढचे काही महिने बाई कँटीनला डबल पाळी करायच्या. घरी बसवत नसणार.

चार महिन्यांनी ऑफिसात फोन घ्यायला मुलगी हवी होती. शेठने दिव्याला बोलावलं. “पोरगी हुशार हाय,” तो मला म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. माणसाला काही वाटलंच नव्हतं. दिव्या आली. मला वाटलं नव्हतं ती येईल. हिंजवडीच्या दुसऱ्या कुठल्या कंपनीने तिला बोलावलं नव्हतं आणि घरात तर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

काम तिने फार लवकर उचललं; शेठच्या मेव्हण्याचं नेटही तीच भरू लागली. धोंडीबांच्या फोटोला उदबत्तीही आता तीच लावते.

परवा सकाळची गोष्ट. शेठ बाहेर गेला होता. फोन वाजला, दिव्याने स्पीकरवर घेतला. रावेतच्या बाजूची कुणी बाई होती, जास्मिन नाव सांगितलं, धापा टाकत होती. नवरा कतारला, त्याची आई इथे शेवटच्या घटका मोजतेय, मुलाला व्हिडिओवर बघायचंय तिला, आणि नेट अडकतंय.

दिव्याने स्क्रीनवर नाव काढलं. “बंद नाही, ताई. संपलंय.”

“तो डाल दो ना, बेटा. पैसे अभी भेजती.”

“वापर जास्त दिसतोय तुमचा,” दिव्या म्हणाली आणि पेन उघडलं. “पासवर्ड कुणाकुणाला दिलाय? नावं सांगा.”

मी उठलो. दारामागे जाऊन खिशातून फोन काढला आणि पॅनेल उघडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शेठच्या मेव्हण्यासाठी नाही. पासवर्ड टाकला. चुकीचा आहे म्हणालं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

मागे वळलो तर दिव्या फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. “बदललाय मी तो, अनिसचाचा. आले त्याच आठवड्यात.” आवाज चढलेला नव्हता. “पॅनेलमध्ये दिसतं ना, कुणाकुणाच्या फोनवर आहे ते.”

मी फोन परत खिशात घातला.

“त्या दिवशी तुमच्या खिशातच होता,” ती म्हणाली आणि फोनवरचा हात काढला. “हां ताई, सांगा. पहिलं नाव?”