माउरोच्या हातातून निसटलेले बॉल

तिसरा बॉल हातातून सुटून गोलमध्ये गेला तेव्हा कोचने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. तो नुसता वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. बॉल काही जोरात मारलेला नव्हता. माउरोने तो दोन्ही हातांत नीट घेतला होता. घेतला, आणि तो ओल्या साबणासारखा वर उडाला.

माझ्या शेजारी क्लबचा मॅनेजर राशिद उभा होता. मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "मिस्टर परब, तुम्ही लोक क्रिकेटवाले. आमच्यासाठी एखादा बोलर का नाही आणत?"

माझं डोकं सटकलं. "बोलर आणीन की! आधी ग्राउंड तरी बनवा. हे काय ग्राउंड आहे? दव आहे की नळ फुटलाय?"

"दव सगळ्यांना आहे, हबीबी. बॉल त्याच्या एकट्याच्याच हातातून पडतोय."

उत्तर नसलं की मी आवाज वाढवतो, ही माझी खोड आहे. मी तसाच वाढवला. राशिदने मला बोलू दिलं आणि शेवटी इतकंच म्हणाला, "उद्या प्रॅक्टिस मॅच आहे. त्यात बघू. नाही जमलं तर खलास."

मी फुटबॉल एजंट आहे. क्लबला खेळाडू हवा असतो आणि खेळाडूला क्लब. मध्ये बसून दोघांचा करार जुळवायचा, हे माझं काम. खारेपाटणहून शारजात आलो तेव्हा एका स्पोर्ट्सच्या दुकानात माल उतरवायचो. मग काउंटरवर उभा राहिलो, मग क्लबांना बूट-जर्सी पुरवायला लागलो आणि तिथून खेळाडूंपर्यंत पोचलो. मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही, आणि अजूनही कुणी खुर्ची देत नाही, ती ओढून घ्यावी लागते. याच क्लबला मी आधी एक स्ट्रायकर आणून दिला होता. त्याने गोल केले, क्लब वर गेला. पण साइनिंगच्या फोटोच्या वेळी राशिदने त्याची बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "जरा बाजूला." पेपरात आलेल्या फोटोत माझं फक्त कोपर आहे. ते मी विसरलेलो नाही.

क्लबचं नाव सांगत नाही. समुद्राकाठच्या एका लहान अमिरातीतला लहान क्लब आहे. धंदा अजून तिथेच करायचाय.

आता माउरो. वय छत्तीस, इटालियन, गोलकीपर. उंच, शांत, आणि चेहरा असा की कुणी पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणेल. आयुष्यभर इटलीत व्यावसायिक फुटबॉल खेळला, पण "खेळला" हा शब्द जपून वापरायला हवा. तो दुसरा गोलकीपर होता. प्रत्येक क्लब दोन-तीन गोलकीपर ठेवतो. पहिला खेळतो. दुसरा मॅचच्या आधी पहिल्याला वॉर्मअप देतो, म्हणजे त्याच्यावर बॉल मारून मारून त्याचे हात गरम करतो, आणि मग जॅकेट घालून बेंचवर बसतो. स्ट्रायकर दमला की बदलतात. गोलकीपर दमत नाही. तो जखमी झाला किंवा रेड कार्ड मिळालं, तरच दुसऱ्याचा नंबर लागतो. माउरो मोठ्या क्लबांच्या बेंचवर बसला, लहान क्लबांना उसना दिला गेला, परत आला, परत बसला. पगार चांगला मिळाला. मॅचेस मात्र एका हिवाळ्यातही मावतील इतक्याच.

आता इटलीत कुणी त्याला बेंचवरही घेत नव्हतं. मिलानच्या एका एजन्सीने त्याची फाइल माझ्याकडे सरकवली, घरातलं जुनं कपाट कुणाला तरी द्यावं तशी. त्याची एकच अट होती. पैसे कमी चालतील, पण पहिला गोलकीपर म्हणून खेळायचं. दोन सीझन. मग तो ग्लोव्हज खुंटीला लावणार होता.

माझ्या मुलीने त्याची माहिती इंटरनेटवर वाचली आणि म्हणाली, "पप्पा, बट ही इज जस्ट अ बॅकअप." मी म्हटलं, "अगं, तुझ्या बापालाही लोक तेच समजतात." ती हसली. मी हसलो नाही.

अडचण अशी की लहान क्लबला मोजकेच परदेशी खेळाडू घेता येतात. एक जागा रिकामी होती आणि कोच ट्युनिशियाचा, गोलांचा भुकेला. त्याला ती जागा एका ब्राझिलियन स्ट्रायकरसाठी हवी होती. तोही ट्रायलला आला होता. ट्रायल म्हणजे काही दिवस क्लबबरोबर सराव करून दाखवायचा, मग क्लब ठरवतो. पहिल्या दिवशी माउरो असा खेळला की कोचने दाढी खाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून बॉल निसटायला लागले. आज तिसरा दिवस होता.

सराव संपल्यावर मी माउरोला गाडीत घातलं. त्याची राहायची सोय उम्म अल कुवैनला माझ्या घराजवळच केली होती. काचा वर केल्या, एसी लावला आणि दोन मिनिटांत गाडी घमघमायला लागली. ऊद. इकडचं अगरूच्या लाकडाचं अत्तर, साधा स्प्रे नाही. अस्सल, घट्ट, काळपट तेलाचा वास. ज्याचा एक थेंब शर्टाला लागला तर शर्ट चार वेळा धुवावा लागतो.

"परफ्युम लावलास?"

"नाही," तो म्हणाला.

"मग हा वास कुठून येतोय?"

त्याने मांडीवरचे ग्लोव्हज थोडेसे उचलले आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मी गाडी कडेला घेतली. ग्लोव्हज हातात घेऊन तळव्यावरून अंगठा फिरवला. दुकानात मी असले शेकड्याने विकलेत. गोलकीपरच्या ग्लोव्हच्या तळव्याला लॅटेक्स असतं, म्हणजे रबराचा मऊ फोम. बॉल चिकटतो तो त्याच्यामुळे. तो फोम जरा ओलसर ठेवायचा, उन्हात टाकायचा नाही आणि तेलाचा हात तर लावायचाच नाही. इथे माझा अंगठा तव्यावरून घसरावा तसा घसरत होता.

"कुणी लावलं?"

"तो म्हातारा. दारातला."

मग माझ्या लक्षात आलं. सालेम चाचा. क्लबच्या प्रेसिडेंटचे सख्खे काका. ड्रेसिंग रूममधून ग्राउंडवर जायच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर लाकडी पेटी, त्यात उदाच्या तेलाची कुपी आणि काचेची काडी. येणाऱ्या पाहुण्याच्या हाताला ऊद लावायचा, हा इकडचा मान आहे. घरी जा, लग्नाला जा, हात पुढे करायचा. चाचा खेळाडूंनाही लावायचे. बाकीच्यांना काही फरक पडत नव्हता, ते पायाने खेळतात. क्लबचे इथले गोलकीपर उघड्या हाताने मनगटावर ऊद घेत आणि ग्लोव्हज ग्राउंडवर जाऊन घालत. पहिल्या दिवशी चाचा आले नव्हते. दुसऱ्या दिवशी इटलीहून पाहुणा आलाय हे कळलं आणि मुद्दाम आले.

माउरो मात्र ग्लोव्हज ड्रेसिंग रूममध्येच घालायचा. दुसऱ्या गोलकीपरला सगळ्यांच्या आधी बाहेर जाऊन वॉर्मअप द्यायचा असतो, म्हणून खोलीतूनच तयार होऊन निघायची त्याची सवय. चाचांनी हात मागितला, याने ग्लोव्ह घातलेलाच पुढे केला. चाचांनी पाहुण्याचा मान म्हणून जरा जास्तच लावला, आणि दोन्ही तळव्यांना.

"आणि तू गप्प बसलास? वेडा आहेस का? काढून घेता येत नव्हता हात?"

"पहिल्यांदा वाटलं, धुतल्यावर जाईल."

"आणि आज? आज दुसरी जोडी होती ना?"

"आज त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, परब. माझ्यासाठी काहीतरी म्हणाला. दुआ असेल. मी नाही कसं म्हणणार?"

"तोंडाने! तोंडाने म्हणायचं असतं! तुझं करिअर जातंय आणि तू मॅनर्स पाळतोयस?"

त्याच्यासारख्यावर ओरडायला मजा येत नाही. समोरून काही परतच येत नाही.

मग मी मार्ग शोधायला लागलो. म्हटलं, उद्या हात उघडे ठेव, ग्लोव्हज माझ्याकडे दे. तो म्हणाला, चाचा आता तळव्यालाच लावतात, तेल ग्लोव्हच्या आत जाईल आणि हात आतल्या आत फिरेल. म्हटलं, मागच्या दाराने जा. तर म्हणाला, "तो माझी वाट बघत बसलेला असतो." चाचांना सरळ सांगायची मला हिंमत होत नव्हती. प्रेसिडेंट घरात कुणाचं ऐकत असेल तर या काकांचं. पाहुण्याने मान नाकारला, तोही एजंटाच्या तोंडून, असं झालं की इकडे कुणी भांडत नाही. चहा देतात आणि परत कधी फोन उचलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या जुन्या दुकानातून नवे ग्लोव्हज आणले. दोनशे दिरहम, म्हणजे आपले साडेचार-पाच हजार रुपये. मी डिस्काउंट मागायच्या आधीच मालकाने हात जोडले, एवढी माझी तिथे ख्याती आहे. ग्लोव्हज पाण्यात भिजवून तयार केले आणि माउरोच्या आधी मी त्या दारात जाऊन उभा राहिलो.

सालेम चाचा बसलेच होते. जुन्या पिढीचे अमिराती, हिंदी फर्मास बोलतात. मी सलाम केला, तब्येत विचारली, पोराबाळांची विचारली. मग म्हटलं, "चाचा, एक शिकायत है।"

"बोलो।"

"आप गोलकीपर के हाथ पे ऊद लगाते हो. हाथ से वो बॉल को लगता है. और बॉल को फिर बीस लोग लाथ मारते हैं. आपका इतना कीमती ऊद सब के पाँव के नीचे जा रहा है. मेरे को अच्छा नहीं लगता।"

आदल्या दिवशी जेवतानाच ही मांडणी सुचली होती आणि मी स्वतःवर खूश होतो. चाचा माझ्याकडे बघत राहिले. डोळे बारीक, चेहऱ्यावर काही नाही.

"तो कहाँ लगाऊँ?"

"छाती पे. कॉलर पे. उसके पास ही रहेगा।"

चाचांनी कुपीचं झाकण सावकाश बंद केलं. "मेरा बाप नाखुदा था," ते म्हणाले. नाखुदा म्हणजे आपला कोकणातला नाखवा. "तेल के हाथ से रस्सी पकड़ते तो वो हम को समंदर में फेंक देता. बॉल फिसल रहा है, इतना बोलने के लिए तू पूरा दुनिया घूम के आया?"

मी म्हटलं, "चाचा, मैं सोचा आप बुरा मानोगे।"

"बुरा तो अब माना. दो दिन वो लड़का गोल खाता रहा और मेरे को किसी ने बोला नहीं. एजंट है तू या दुल्हन?"

तेवढ्यात माउरो आला, ग्लोव्हज घालून. सवयीने त्याने हात पुढे केला. चाचांनी तो हात बाजूला सारला, त्याला वाकायला लावलं आणि दोन्ही बाजूंनी कॉलरला ऊद लावला. वर म्हणाले, "यल्ला, चल, पकड़!"

माउरोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मॅचमध्ये सुरुवातीला त्याने काहीच केलं नाही, आणि मी देव पाण्यात घातले. मग माझ्या लक्षात आलं की त्याला काही करायची गरजच पडत नाहीये. चांगला गोलकीपर उड्या कमी मारतो. बॉल जिथे येणार तिथे तो आधीच उभा असतो. माउरो मागून सतत ओरडत होता. डावीकडे सरक, मागे बघ, सोड. अर्धं इंग्लिश, अर्धं हातवाऱ्यांनी. बेंचवर बसून त्याने इतकी वर्षं दुसरं केलंच काय होतं? मॅच बघणं. ते सगळं आता कामाला येत होतं.

आणि मग ब्राझिलियन सुटला. दोन डिफेंडर मागे टाकून एकटाच समोर आला आणि जवळून असा मारला की मी डोळे मिटले. बॉल हाताला लागून पुढे पडला असता तरी मला चाललं असतं. फुटबॉलमध्ये त्यालाही सेव्हच म्हणतात. डोळे उघडले तेव्हा माउरो गुडघ्यावर होता आणि बॉल त्याच्या छातीशी. धरलेला. ब्राझिलियनने कमरेवर हात ठेवून मान हलवली आणि मग टाळी वाजवली. मी कधी बसलो ते मला कळलंच नाही. बरं वाटत होतं. खूप दिवसांनी ताप उतरल्यावर वाटतं तसं.

कोच राशिदकडे गेला. बोलणं अरबीत झालं, पण "हारिस" हा शब्द मला कळतो. हारिस म्हणजे गोलकीपर.

राशिदने एक सीझन देऊ केला, दुसऱ्याचं मग बघू. मी फाइल बंद केली. म्हटलं, दोन, नाहीतर मी त्याला आत्ता गाडीत घालतो. "मिस्टर परब, काल तुमचा माणूस साधा बॉल धरू शकत नव्हता." मी म्हटलं, "काल का धरू शकत नव्हता ते सालेम चाचांना विचारा, मला तोंड उघडायला लावू नका." राशिदने खरंच विचारलं. बाहेरून आला तो हसू दाबत. दोन सीझनवर सही झाली. साइनिंगच्या फोटोत या वेळीही मी नाही. मिलानच्या एजन्सीचं नाव मात्र बातमीत ठळक आहे, ज्यांनी विमानतळावर माणूस पाठवण्यापलीकडे काही केलं नाही. राशिद आणि ते मिलानवाले, दोघांवरचाही माझा राग कायम आहे.

पण माउरो पहिल्या लीग मॅचला गोलमध्ये उभा राहिला. टीम एक-शून्यने जिंकली. मॅच संपल्यावर त्याने मला व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवली, "आज बेंचवर दुसरा कुणीतरी होता." त्याच्या बायकोने मागून हार्टची रांग पाठवली. मी त्याची ओळ मुलीला दाखवली. "ओके, नॉट बॅकअप," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. खेळाडू ट्रायलला अचानक वाईट खेळायला लागला की मी त्याचं वय, गुडघा, जुने व्हिडिओ यांत डोकं घालत नाही. आधी विचारतो, इथे तुझा पाहुणचार कोण करतंय? आणि उत्तर मिळालं की त्या माणसाकडे जाऊन काय ते एका वाक्यात सांगतो.